हिवताप : ताप उतरला, तरी गोळ्या कशाला?

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी गृहस्थ थंडीतापाने कुडकुडत माझ्याकडे आले. रक्ततपासणीत फाल्सिपेरम हिवताप निघाला. मी त्यांना तीन दिवसांच्या गोळ्यांची पट्टी दिली. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला होतील’ म्हणून त्यांनी देवळीत ठेवल्या. तीन आठवड्यांनी स्वारी पुन्हा दारात! ‘‘डॉक्टर, ताप गेल्यावर औषध कशाला घ्यायचं?’’ हा त्यांचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो.

पूर्वी हिवताप म्हटला की क्लोरोक्विन पुरे असे. पण जंतू या औषधाला सरावले. भारतात क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम प्रथम १९७३ साली आसामात आढळला. पुढे चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी एका वनस्पतीतून शोधलेले आर्टेमिसिनिन हाताशी आले. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे औषध झपाट्याने काम करते. जास्त आजारी माणसाच्या अंगात एक लाख कोटीपर्यंत जंतू असू शकतात. जंतूच्या ४८ तासांच्या एका चक्रात हे औषध त्यांची संख्या साधारण दहा हजारपटीने घटवते. तीन दिवसांच्या औषधात अशी दोन चक्रे सापडतात. एक लाख कोटीचे दहा कोटी होतात, दहा कोटींचे दहा हजार. ताप मात्र त्याआधीच उतरलेला असतो!

उरलेल्या दहा हजारांचे काय? आर्टेमिसिनिन काही तासांतच रक्तातून निघून जाते. म्हणून सोबत रक्तात दीर्घकाळ टिकणारे दुसरे औषध देतात. ते उरलेल्यांचा समाचार घेते. शिवाय एका औषधातून निसटणारा जंतू कोट्यवधींत एखादा असतो. दोन वेगळ्या औषधांतून एकाच वेळी निसटणारा त्याहून कितीतरी दुर्मिळ. क्षय आणि कुष्ठरोगात अनेक औषधे एकत्र देतात, ती याच कारणाने.

भारतात २०१० साली फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन ही जोडी देशभर स्वीकारली गेली. ईशान्येकडे त्यातले जोडीदार औषध निकामी होऊ लागले, तेव्हा २०१३ साली तेथे आर्टेमेथर-लुमेफँट्रिन आले. जोडीतला एक गडी दुबळा झाला, की सारा भार दुसऱ्यावर पडतो. म्हणूनच आर्टेमिसिनिन गटातील नुसत्या एकेरी गोळ्यांवर भारतात २००९ साली बंदी आली.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. ताप येताच रक्त तपासून घ्यावे. ताप उतरला तरी गोळ्या पूर्ण कराव्यात. गोळी उलटून पडली तर डॉक्टरांना सांगावे. बाई गरोदर असेल तर तेही आधी सांगावे. व्हायवॅक्स हिवतापाचे औषध वेगळे असते. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. ग्लानी, झटके, सतत उलट्या किंवा काळसर लघवी दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

त्या गृहस्थांचे रक्त मी पुन्हा तपासले. जंतू होतेच. पुन्हा पूर्ण उपचार दिले. या खेपेस तिसऱ्या दिवसाची गोळी कारभारणीने समोर उभे राहून गिळायला लावली. चौथ्या आठवड्यातली तपासणी निर्दोष आली.