अतिमानवी नायक आणि चित्रपटाची कला : एक तुलनात्मक विचार

वारूळवाडी हे जुन्नर तालुक्यातील गाव नारायणगावास अगदी लागून वसलेले आहे. ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवछत्रपतींचा जन्म झाला तो किल्ला येथून फारसा दूर नाही. आणि भाऊ-बापू व विठाबाई यांच्या नावाने महाराष्ट्रभर गाजलेला तमाशाही याच परिसरातला. यात्रांच्या हंगामाच्या तोंडावर नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी देण्यासाठी तेथे जमतात. या फडांच्या वगांतून राजे, सरदार, साधुसंत आणि क्वचित देवही रंगमंचावर अवतरतात. मागे किल्ला नसतो, समोर फौज नसते. ढोलकीचा ठेका, हातातील तलवार आणि तोंडचे शब्द एवढ्या सामग्रीवर नायकाचे सामान्यांहून थोर असणे प्रेक्षक विनातक्रार मान्य करतो.

चित्रपटाची गोष्ट याहून वेगळी आहे. कॅमेरा समोरचे जसेच्या तसे टिपतो. साडेपाच फुटांचा नट त्यास साडेपाच फुटांचाच दिसतो, आणि पुठ्ठ्याची गदा पुठ्ठ्याचीच दिसण्याचा धोका असतो. तेव्हा मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे सामर्थ्य अंगी असलेला नायक या वस्तुनिष्ठ यंत्रापुढे उभा कसा करावा, हा चित्रपटकाराचा मूलभूत प्रश्न होय. अतिमानवी नायकांचे जे चित्रपट जाणकारांनी गौरविले, त्यांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली, आणि त्यांतील प्रत्येक उत्तराने चित्रपटनिर्मितीच्या कलेत काही ना काही भर घातली. त्या उत्तरांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. श्रीकृष्ण हे उपासनेचे दैवत आहे. तुकाराम आणि तानाजी या इतिहासात होऊन गेलेल्या व्यक्ती आहेत. तर १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी चित्रकथेच्या पानांवर आणलेला सुपरमॅन हा निव्वळ कल्पनेतून जन्मला. या सर्वांस एका पंक्तीस बसविण्याचा येथे उद्देश नाही. त्यांना पडद्यावर आणताना निर्माण होणारी कलाविषयक अडचण मात्र एकाच जातीची आहे, आणि तुलनेस तेवढा आधार पुरेसा आहे.

१. फाळके : युक्ती आणि तिची कबुली

दादासाहेब फाळके छायाचित्रण, मुद्रण आणि चित्रकला यांत निष्णात होतेच. शिवाय ते जादूचे प्रयोगही करीत, आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी त्यासाठी घेतले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३), ‘लंका दहन’ (१९१७), ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटांतील चमत्कारांमागे हा जादूगार उभा आहे. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. तो मध्येच थांबवून पात्र हलविले की ते पडद्यावर अदृश्य होई. आणि एकदा प्रकाश दिलेली फिल्म काळजीपूर्वक मागे घेऊन तिच्यावर पुन्हा चित्रण केले की दोन दृश्ये एकमेकांत मिसळत. हँडलचे फेरे मोजण्यात चूक झाली तर सारी मेहनत वाया जाई.

तथापि फाळक्यांचा खरा विशेष केवळ युक्तीत नाही. ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभीच ती मुलगी मुलगी म्हणूनच दिसते. तिच्या मुखावरील निरनिराळे भाव कॅमेरा जवळून दाखवितो, आणि मग तोच चेहरा हळूहळू कृष्णाच्या वेषातील चेहऱ्यात विरघळतो. म्हणजे दैवत दाखविण्यापूर्वी दिग्दर्शक नटाची ओळख करून देतो. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लहानसा पटही फाळक्यांनी काढला होता. युक्ती लपविली नाही म्हणून श्रद्धा उणावत नाही, हा वगाच्या प्रेक्षकास ठाऊक असलेला सिद्धांत त्यांनी नव्या माध्यमात आणला, असे म्हणावयास हरकत नाही.

२. ‘संत तुकाराम’ : चमत्काराभोवतीचा संसार

विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभात कंपनीसाठी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला, हे सर्वश्रुत आहे. यातही चमत्कार आहेत : कीर्तनप्रसंगी शत्रूस जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतात, बुडविलेल्या वह्या परत येतात आणि अखेरीस तुकोबा वैकुंठास जातात. परंतु आज या युक्तिदृश्यांचे नावीन्य ओसरले असूनही चित्रपट जुना वाटत नाही. याचे कारण आवलीच्या चित्रणात सापडते. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली ही जिजाई म्हशीची काळजी वाहते, पोरांच्या भुकेने कासावीस होते आणि नवऱ्याच्या विठ्ठलास खरमरीत शब्दांत जाब विचारते. तिचा संसार इतका खरा आहे की त्यात घडणारा चमत्कारही खरा वाटू लागतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सामर्थ्याचा आव कोठेही आणीत नाही. अभंग गाताना त्याची तल्लीनता पाहून आजूबाजूची माणसे बदलतात, आणि त्या बदलातून त्याची थोरवी सिद्ध होते.

फाळक्यांनी चमत्कार डोळ्यांस दाखविला. दामले-फत्तेलाल यांनी तो पाहणारी माणसे दाखविली. पहिल्या पद्धतीस यंत्राची गरज अधिक, दुसरीस नटाची आणि निरीक्षणाची. पुढील सर्व उदाहरणांत या दोन पद्धतींचे निरनिराळे प्रमाण आढळते.

३. अमेरिकेतील तीन टप्पे

रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’ (१९७८) या चित्रपटाच्या जाहिरातीत माणूस उडू शकतो यावर प्रेक्षकांचा विश्वास बसेल, असे आश्वासन होते. ते पाळण्यासाठी झोरान पेरिसिक यांनी एक मोठी चतुर योजना केली. नटाच्या मागील पडद्यावर आकाशाचे दृश्य टाकणारे प्रक्षेपकयंत्र आणि समोरचा कॅमेरा या दोहोंस झूम भिंगे बसवून ती एकाच वेळी, एकाच प्रमाणात फिरविली. त्यामुळे पार्श्वभूमीचा आकार चित्रात स्थिर राही, आणि जागच्या जागी टांगलेला नट मात्र जवळ येताना अथवा दूर जाताना भासे. या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांस ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला. परंतु डॉनर यांचा आग्रह केवळ उड्डाणापुरता नव्हता. शेतावरचे बालपण, वृत्तपत्राच्या कचेरीतील धांदल आणि ख्रिस्तोफर रीव्ह यांनी केवळ खांद्यांच्या ठेवणीने व आवाजाने वेगळी केलेली दोन व्यक्तिमत्त्वे यांमुळे ते उड्डाण अर्थपूर्ण झाले.

क्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ने (२००८) उलट दिशा धरली. नायकास अलौकिक शक्तीच नाही. तेव्हा भोवतालचे नगर होता होईल तो खरे ठेवावे, असे धोरण त्यांनी स्वीकारले. शिकागोच्या रस्त्यावर एक अवजड ट्रक प्रत्यक्षात उलटविण्यात आला, आणि काही प्रसंग आयमॅक्सच्या प्रचंड फिल्म-कॅमेऱ्यांनी टिपण्यात आले. कथाचित्रपटात अशा कॅमेऱ्यांचा वापर पुढे रूढ होण्यास येथूनच चालना मिळाली. हीथ लेजर यांस मरणोत्तर ऑस्कर मिळाले; मात्र सर्वोत्तम चित्रपटाच्या नामांकनांत हा चित्रपट नव्हता. त्यावर बरीच टीका झाली, आणि २००९ मध्ये अकादमीने नामांकनांची संख्या पाचावरून दहावर नेली, तेव्हा अनेकांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला.

तिसरा टप्पा २०१८ चा. रायन कूगलर यांच्या ‘ब्लॅक पँथर’ला सर्वोत्तम चित्रपटाचे नामांकन मिळाले, या प्रकारच्या चित्रपटास तो मान प्रथमच लाभला. वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत यांसाठी त्याने ऑस्कर मिळविले, आणि आफ्रिकी वस्त्रपरंपरांच्या अभ्यासातून एक काल्पनिक राष्ट्र उभे करता येते हे दाखविले. त्याच वर्षीच्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ या सचेतपटाने छापील चित्रकथेतील ठिपके, रंगांची घसरलेली छपाई आणि चौकटी यांनाच पडद्यावर स्थान दिले. संगणकाने सर्व काही छायाचित्रासारखे गुळगुळीत केले पाहिजे हा समज त्यामुळे मोडला, आणि नंतरच्या सचेतपटांवर त्याची छाया स्पष्ट दिसते.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ‘आयर्न मॅन’पासून (२००८) एकमेकांत गुंफलेल्या चित्रपटांची मालिका सुरू झाली आणि प्रत्येक चित्रपट पुढच्याची जाहिरात होऊ लागला. २०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी या चित्रपटांची तुलना मनोरंजन-उद्यानांशी केली. त्यांच्या आक्षेपाचा गाभा असा की, जेथे नायकास खरा धोका नाही तेथे प्रेक्षकासही कसली जोखीम नाही.

४. तानाजी : मर्त्य नायकाची कसोटी

हा आक्षेप आपल्या परिसरातील एका विषयास विशेष लागू पडतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर केला आणि त्यात ते कामी आले. या घटनेस अद्भुताचा स्पर्श चित्रपटाने प्रथम दिला असे नव्हे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातील घोरपड सर्वांस परिचित आहे. पुढे हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली, आणि त्यानंतर पडदा आला.

बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३) हा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा मूकपट. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने चित्रपटात मात्र रंगविलेले पडदे टाळून घडीव देखावे आणले, आणि कथानकातील रात्र दाखविण्यासाठी कृत्रिम प्रकाश योजला. बहुतांश चित्रण सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या काळात ही मोठी झेप होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : प्रकाशयोजनेची ही प्रगती नायकास उडविण्यासाठी झाली नाही, अंधारात कडा चढणाऱ्या माणसाची रात्र खरी वाटावी म्हणून झाली. पेंटरांच्या हाताखाली शिकलेल्या व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये प्रभातसाठी हाच विषय बोलपटात आणला. त्यात आवाजाची भर पडली.

ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ (२०२०) या हिंदी चित्रपटात कडा, दरी आणि दुर्ग यांचा मोठा भाग संगणकाने घडविला आहे. त्रिमितीय पडद्यावर दरीची खोली अंगावर येते, आणि कड्याच्या चढाईस हे साधन खरोखर अनुरूप आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम अभिनेता, वेशभूषा आणि लोकप्रिय चित्रपट असे सन्मान त्यास लाभले. परंतु दोरावरून दरी सहज ओलांडणारा आणि प्रत्येक संकटातून लीलया सुटणारा नायक अखेरीस पडतो, तेव्हा एक विसंगती जाणवते. ज्याच्या देहास आतापर्यंत मर्यादाच नव्हती, त्याचा देह आता का थकावा? तानाजीची थोरवी त्याच्या मर्त्यपणात आहे. मुलाचे लग्न बाजूस ठेवून जाणारा हा बाप परतणार नाही, ही शक्यता प्रत्येक पावलाशी जाणवली तरच त्या त्यागाचे मोल कळते. शाहिराचे अद्भुत ऐकणाऱ्याच्या मनात आकार घेते आणि त्यास मानेल तेवढेच मोठे होते. कॅमेऱ्याचे अद्भुत मात्र निश्चित मापाचे असते, आणि ते माप चुकल्यास माणूस हरवतो. इतिहासातील व्यक्तीच्या बाबतीत ही हानी केवळ कलेची राहत नाही. नायक अलौकिक ठरला की त्याचे अनुकरण करण्याचे दायित्व आपल्यावरून उतरते.

याच दिग्दर्शकाच्या ‘आदिपुरुष’ (२०२३) या रामकथेच्या दृश्यपरिणामांवर सर्वत्र टीका झाली. ‘लंका दहन’नंतर शंभराहून अधिक वर्षांनी, फाळक्यांस स्वप्नातही न दिसलेली साधने हाताशी असताना हे घडावे, यावरून साधनांची विपुलता आणि प्रतीती यांचे नाते सरळ नाही एवढे तरी सिद्ध होते.

५. निष्कर्ष

बासिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरळी’ (२०२१) या मल्याळम चित्रपटाचा येथे उल्लेख केला पाहिजे. केरळातील एका खेड्यातील शिंप्याच्या अंगावर वीज पडते आणि त्यास शक्ती प्राप्त होते. त्याच विजेने तसाच सामर्थ्यवान झालेला दुसरा माणूस गावाने झिडकारलेला आहे. येथे संघर्ष विश्वाच्या संहाराचा नाही, एका गावाने कोणास आपले मानावे याचा आहे. तुलनेने मर्यादित साधनांत हा चित्रपट प्रभावी झाला, याचे कारण ‘संत तुकाराम’चे सूत्र त्यात आहे : प्रथम गाव खरे करावे, चमत्कार मागाहून.

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, अतिमानवी नायकाच्या चित्रपटांनी तंत्रास सतत पुढे नेले आहे. दुहेरी चित्रण, कृत्रिम प्रकाश, संयुक्त झूम, आयमॅक्स आणि संगणकीय देखावे ही त्या वाटेवरील स्थळे होत. दुसरी, टिकलेल्या चित्रपटांत तंत्र नेहमी एखाद्या विशिष्ट अडचणीचे उत्तर म्हणून आलेले दिसते. जेथे ते अडचणीवाचून आले तेथे ते लवकर शिळे झाले. तिसरी, नायकाचे सामर्थ्य सिद्ध करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे त्याच्याकडे पाहणारा सामान्य मनुष्य होय.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी चित्रपटांबरोबर वगाचाही अभ्यास करावा, असे सुचवावेसे वाटते. राहुटीत रंगभूषा उतरवून बसलेला नट घटकेपूर्वी राजा होता, हे प्रेक्षकास पक्के ठाऊक असते. तरीही दुसऱ्या रात्री तो पुन्हा त्यास राजा मानतो. हा विश्वास कशातून उत्पन्न होतो याचा उलगडा झाला, तर कोट्यवधी रुपये खर्चूनही काही नायक पडद्यावर का उभे राहत नाहीत, हे आपणांस अधिक नेमकेपणाने सांगता येईल.