तळ्याच्या शाळांचा क्रीडा हंगाम ३० मिनिटांत का संपतो? समजून घ्या

शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक ऐन पावसाळ्यात येते आणि बहुतेक सांघिक सामने बाद पद्धतीने होतात. तळ्यासारख्या लहान तालुक्यातल्या शाळांसाठी याचा अर्थ काय? दहावीचे वाढीव गुण आणि नोकरीतील आरक्षण याच्याशी त्याचा संबंध कसा?

समजा, तळा तालुक्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेने १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ तयार केला. जूनमध्ये शाळा सुरू झाली, जुलै पावसात गेला, ऑगस्टमध्ये जेमतेम सराव झाला आणि तालुकास्तरीय स्पर्धेची तारीख आली. मुलींच्या कबड्डीत पूर्वार्ध १५ मिनिटांचा आणि उत्तरार्धही १५ मिनिटांचा. पहिलाच सामना हरला, तर त्या संघाचा वर्षाचा हंगाम तिथेच, ३० मिनिटांत संपतो. दहावीतल्या मुलींसाठी तर शाळेकडून खेळण्याची ती शेवटची संधी असते.

स्पर्धांची रचना कशी असते?

राज्यात या स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन वयोगट, प्रत्येकात मुले आणि मुली वेगळे. गट ठरतो तो जन्मतारखेवरून, इयत्तेवरून नाही. कबड्डीत वयासोबत वजनाचीही मर्यादा असते. त्यामुळे चांगला चढाईपटू काट्यावर बसला नाही, तर संघाबाहेर राहतो.

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय असे पाच टप्पे. तळ्यातला विजेता अलिबागमधून चालणाऱ्या रायगडच्या जिल्हास्तरीय स्पर्धेत जातो. त्यापुढे मुंबई विभाग. क्रीडा विभागांच्या रचनेत रायगड हा ठाणे, पालघर आणि दोन्ही मुंबई जिल्ह्यांसोबत येतो. शेजारचा रत्नागिरी मात्र कोल्हापूर विभागात मोडतो. म्हणजे तळ्याच्या संघाला राज्यस्तर गाठायचा तर वाट मुंबई-ठाण्याच्या शाळांना हरवूनच जाते. राज्यस्तरावर खेळाडूंची निवड होऊन महाराष्ट्राचा संघ तयार होतो आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेत उतरतो.

बाद पद्धतीचा हिशोब

बाद पद्धतीत ८ संघ असतील तर एकूण ७ सामने होतात आणि ४ संघ एकच सामना खेळून घरी जातात. संघ कितीही असोत, पहिल्या फेरीत खेळणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच थांबतात. जिंकत राहणाऱ्या संघाला तालुक्यात ३ सामने आणि रायगडच्या १५ तालुक्यांचे विजेते आले तर जिल्ह्यात ४ सामने जिंकावे लागतात. म्हणजे सलग ७ विजय मिळाले, तर विभागाचे दार उघडते.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये याच काळात, ऑगस्ट ते नोव्हेंबर, शरद ऋतूचा क्रीडा हंगाम असतो. तिथे अमेरिकन फुटबॉलचा शालेय संघ बाद फेरी सुरू होण्याआधीच साधारण १० सामने खेळतो. हरलेला संघही पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरतो. चुका सुधारायला त्याला वेळ मिळतो. तळ्याच्या मुलींना त्यासाठी पुढचे वर्ष उजाडावे लागते.

पाऊस, भात आणि गणपती

कोकणात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल. रायगडमधल्या बहुतेक शाळांकडे बंदिस्त सभागृह नाही, मॅट त्याहून दुर्मीळ. सरावाचे दिवस आधीच कमी; त्यात भातलावणी आणि गणपतीची सुट्टी. उघडीप मिळेल त्या दिवशी सामने उरकायचे, नाहीतर तारीख पुढे ढकलायची.

कोकणातल्या कबड्डीचा खरा हंगाम वेगळाच आहे. भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतात मैदान आखले जाते, दिवे लागतात आणि मंडळांच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात. मुंबईचे चाकरमानीही त्यासाठी गावी येतात. मुलांना अनुभव मिळतो तो इथे. पण या स्पर्धा प्रामुख्याने पुरुष गटाच्या असतात. त्यामुळे मुलींसाठी शालेय स्पर्धा हेच बऱ्याचदा एकमेव मैदान उरते.

दुसरा फरक पायाखालचा. शाळेत सराव मातीवर, अनवाणी. वरच्या टप्प्यांवर सामने मॅटवर होतात, पायात बूट असतात. पकड, वळण, उडी सगळ्याचा अंदाज बदलतो. आयत्या वेळी ही सवय होत नाही.

लहान तालुक्याची वेगळी अडचण

२०११ च्या जनगणनेनुसार तळा तालुक्याची लोकसंख्या साधारण ४० हजार, तर त्याच जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्याची साडेसात लाखांहून जास्त. तळा शहरातले गो. म. वेदक विद्यामंदिर असो वा खेड्यातली छोटी माध्यमिक शाळा, संघ उभा करायचा तर आधी पट हवा. आठवी ते दहावी मिळून ६० विद्यार्थी असतील तर मुली साधारण ३०. त्यातून वय, वजन, घरची परवानगी आणि इच्छा असे निकष लावून १२ जणींचा कबड्डी संघ काढायचा. खो-खोत तर एका वेळी ९ जणी मैदानात लागतात. मुंबईला होणाऱ्या स्थलांतराने पट आणखी आटतो. लहान शाळेत स्वतंत्र क्रीडा शिक्षक असतोच असे नाही. मग गणिताचे किंवा भूगोलाचे सर संघ घेऊन एसटीने निघतात.

हरल्याने नेमके काय जाते?

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुणांची सवलत आहे. स्पर्धेचा स्तर आणि कामगिरी यानुसार हे गुण ठरतात, जास्तीत जास्त २५. ही शिडी तालुक्यापासून नाही, तर जिल्ह्यापासून सुरू होते. म्हणून तालुक्याचा अंतिम सामना महत्त्वाचा: तो जिंकल्याशिवाय गुण मिळवण्याची संधीच मिळत नाही.

शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावाकडच्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट. मात्र त्यासाठी तालुक्याचा विजय पुरत नाही. वरच्या स्तरावरची कामगिरी आणि क्रीडा विभागाकडून पडताळलेले प्रमाणपत्र लागते.

बदल शक्य आहे का?

८ संघांचे प्रत्येकी ४ चे दोन गट केले, तर साखळीत १२ सामने, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे एकूण १५. प्रत्येक संघाला किमान ३ सामने मिळतात. एका सामन्याला तयारीसह ४५ मिनिटे धरली, तर दोन मैदानांवर मुलींचा एक गट एका दिवसात पूर्ण होतो. अडचण एकच: वयोगट तीन, मुले-मुली धरून सहा. प्रत्येकात ८ संघ असतील तर बाद पद्धतीने ४२ सामने, गट पद्धतीने ९०. म्हणजे दोन दिवसांच्या जागी चार-पाच दिवस, तेवढे पंच, तेवढा प्रवास आणि जेवणाचा खर्च. लहान तालुक्यात मात्र प्रत्येक गटात इतके संघ येतीलच असे नाही. तिथे हा बदल स्वस्त पडतो.

शाळा आणि पालकांनी काय करावे?

- संघाची बांधणी जूनमध्ये नव्हे, आदल्या मार्च-एप्रिलमध्ये करा. कोरडे मैदान तेव्हाच मिळते.
- शेजारच्या शाळांशी मैत्रीपूर्ण सामने ठेवा. डिसेंबरनंतर त्याला हवामानाचा अडथळा नाही.
- जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीतली तारीख एकच आहे का, ते ऑनलाइन नोंदणीआधी तपासा.
- संघ होत नसेल तर धावणे, उड्या, फेक यांत नाव द्या. मैदानी स्पर्धेत एकटा विद्यार्थीही वरच्या टप्प्यावर जाऊ शकतो.
- प्रमाणपत्र जपून ठेवा. वाढीव गुणांचा प्रस्ताव आपोआप जात नाही. तो शाळेमार्फत मुदतीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे पाठवावा लागतो.