रास्पबेरी पायचं नेटवर्क हळू चालतं, तेव्हा आधी काय मोजायचं?

मागच्या व्याख्यानात आपण रास्पबेरी पायवर शाळेसाठी छोटा फाईल-सर्व्हर कसा उभा करायचा ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "सगळं चालतं, पण फार हळू चालतं. नवा बोर्ड घ्यावा का?" माझं म्हणणं, मोजल्याशिवाय काहीच घेऊ नका. शाळेचे पैसे बोर्डावर घालायचे आणि दोष निघायचा साध्या केबलमध्ये, असं सहज होऊ शकतं.

हळू म्हणजे काय?

नळ उघडल्यावर पाणी यायला किती वेळ लागतो, ही एक गोष्ट. बादली भरायला किती वेळ लागतो, ही दुसरी. नेटवर्कमध्येही तसंच आहे. टाईप केलेलं अक्षर उशिरा उमटतं तो विलंब, आणि मोठी फाईल रेंगाळत येते तो कमी वेग. विलंब पिंगने कळतो, वेग आयपर्फ३ने.

आणखी एक घोळ असतो एककांचा. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट, आणि वरखर्च जाता साडेअकराच्या आसपास. ७०० मेगाबाइटच्या फाईलला एक मिनिट लागणारच.

आपल्या बोर्डाची ऐपत किती?

पहिल्या मॉडेलपासून २०१६ च्या पाय ३ पर्यंत ज्या बोर्डांवर ईथरनेट होतं, ते १०० मेगाबिटचं आणि आतून यूएसबी २ वरून जाणारं. पेनड्राइव्ह, हार्डडिस्क आणि नेटवर्क, सगळ्यांना ४८० मेगाबिटचा एकच रस्ता. २०१८ च्या ३बी प्लसवर गिगाबिट आलं, पण रस्ता तोच, म्हणून ते ३०० मेगाबिटच्या आसपास थांबतं. २०१९ च्या पाय ४ पासून ईथरनेटला स्वतंत्र रस्ता मिळाला. तिथे मोजणीत ९४० मेगाबिटपर्यंत दिसतात. तेव्हा पाय ३ वर ११ मेगाबाइटने फाईल येत असेल, तर तो बोर्ड ठणठणीत आहे. पाय ४ वर तोच आकडा दिसला, तर शोध सुरू करायचा.

पहिली मोजणी

पायवर आयपर्फ३ सर्व्हर म्हणून चालू करा, लॅपटॉपवर क्लायंट म्हणून. लॅपटॉप केबलने जोडा. मोजणी दोन्ही दिशांनी करा. आयपर्फ३ डिस्कला हातच लावत नाही. एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत डेटा पाठवतं. त्यामुळे एकाच चाचणीत दोन वाटा होतात: आकडा चांगला आला तर नेटवर्क निर्दोष, डिस्क आणि प्रोसेसर तपासा. आकडा वाईट आला तर केबल, स्विच, वायफाय तपासा.

आकडा वाईट आला तर

ईथटूल कमांड देऊन जोडणीचा वेग बघा. पाय ४ वर तिथे १०० दिसलं, की संशय केबलवर. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. एक तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि कुठेही 'एरर' दिसत नाही. केबल बदलून बघा. मग स्विच बघा. त्यावर १०/१०० लिहिलं असेल तर त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको.

वायफायवर असाल तर पिंगचे आकडे बघा. मध्येच उडी मारत असतील तर वायफायची वीजबचत बंद करून पुन्हा मोजा. आणि यूएसबी ३ ची डिस्क लावली असेल, तर तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो. डिस्क लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झ वापरा.

आकडा चांगला, तरी फाईल हळू

मग एसडी कार्ड. पाय ४ चा कार्ड-स्लॉट सेकंदाला ५० मेगाबाइटच्या वर जाऊच शकत नाही, नेटवर्क मात्र ११० पर्यंत नेऊ शकतं. इथे यूएसबी ३ वरची एसएसडी कामाची. फाईल एससीपीने पाठवत असाल तर टॉप कमांड लावून प्रोसेसर बघा. पाय ४ मध्ये एन्क्रिप्शनसाठी खास सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो.

शेवटी वीज. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड इशारा देतो, स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं आणि प्रोसेसर मंदावतो. मोबाईलचा चार्जर आणि बारीक केबल हे त्याचं नेहमीचं कारण.

श्रोत्यांचा प्रश्न

*प्रश्न:* तीस मुलं एकदम व्हिडिओ लावतात तेव्हाच अडकतं. पाय ३ आहे, त्याचंच हॉटस्पॉट केलंय.

*उत्तर:* हिशोब करूया. केबलचे १०० मेगाबिट तीस जणांत वाटले तर प्रत्येकाला तीनच्या वर येतात. साध्या दर्जाच्या व्हिडिओला ते पुरेत. पण हॉटस्पॉटवर तीसही जण एकाच छोट्या अँटेनापाशी रांगेत उभे आहेत. पाय केबलने राउटरला जोडा, वायफायचं काम राउटरला द्या. मग पुन्हा मोजा. बोर्ड बदलायचा की नाही, ते त्यानंतर.

एक सवय लावून घ्या: सगळं नीट चालतं त्या दिवशीच पिंग आणि आयपर्फ३चे आकडे वहीत लिहून ठेवा. "हळू झालं" असं कुणी म्हणालं, की आधी ती वही उघडायची.