घोटा मुरगळला? चोळू नका!

लालबाग-परळच्या कबड्डी सामन्यांत मी नेहमी पाहतो, गड्याचा घोटा मुरगळला की कुणीतरी जोराने चोळतो, पट्टी गुंडाळतो आणि गडी पुन्हा मैदानात! वास्तविक पहिले ४८ तास चोळणे, शेकणे टाळावे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर ठेवणे हेच हिताचे. ४ पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावाच.

मैदानावर हे जाणणारा माणूस हवा, आणि तो शिक्षणानेच घडतो. परळच्याच के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. बारावी विज्ञाननंतर ही पदवी घेता येते. पुढे पदव्युत्तर शिक्षणात क्रीडा विषय निवडता येतो. संघात सर्वांचीच निवड होत नाही. खेळवेड्या मुलामुलींच्या पालकांनो, या वाटेचा जरूर विचार करा.