बेगमी बंदरावर, पंगत जहाजावर

दिवाळीच्या सुटीत पूर्वी ज्या कुटुंबांची धाव गावच्या घरापर्यंत किंवा फार तर महाबळेश्वर-माथेरानपर्यंत असे, त्याच कुटुंबांतील मंडळी आता ठाण्याच्या गोखले रोडवर वा डोंबिवलीच्या फडके रोडवर खरेदी करताना चार दिवसांच्या सागरी सफरीची वाटाघाट करताना आढळतात. कोणती केबिन घ्यावी, खिडकी समुद्राकडे असावी की नसावी, याची चर्चा मोठ्या हिरिरीने चालते. परंतु त्या चर्चेच्या तळाशी एक जुना, घरगुती आणि अत्यंत रास्त प्रश्न दडलेला असतो, तो असा की जहाजावर आपल्या जेवणाचे काय? जहाजावरील अन्नव्यवस्था हा माझ्या अनेक वर्षांच्या आवडीचा विषय असल्यामुळे या प्रश्नाला क्षुल्लक म्हणून बाजूला सारणे मला कधीच जमले नाही. जुनी प्रवासवर्णने, आगबोटींच्या हकिकती आणि प्रत्यक्ष पाहिलेले भटारखाने यांवरून माझे एक मत पक्के झाले आहे: समुद्रावरील भोजनाचे बरेवाईट जमिनीवरच, नांगर उचलण्यापूर्वीच्या दिवसांत ठरते.

आपल्या या खाडीकाठच्या मुलखाला समुद्र नवा नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो. ठाणे म्हणजे श्रीस्थानक ही शिलाहारांची राजधानी होती. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवाजी महाराजांनी येथील खाडीत गलबते बांधवून आरमाराचा श्रीगणेशा केला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. इतके सांगून इतिहासाचे हे दप्तर मी बांधून ठेवतो, कारण मला वेध लागले आहेत ते कल्याणच्या एका लेकीचे.

आनंदीबाई जोशी या कल्याणच्या जोशी घराण्यातील. माहेरचे नाव यमुना, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी टपाल खात्यातील नोकरदार गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला आणि अठरा वर्षांच्या असताना, ७ एप्रिल १८८३ रोजी, वैद्यकीय शिक्षणासाठी त्या कलकत्त्याच्या बंदरातून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजाने निघाल्या. पती सोबत नाही, सोबत मिशनरी स्त्रियांची. इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कचा किनारा दिसला तो ४ जून रोजी. प्रस्थानापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधील श्रीरामपूर येथे भरलेल्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी निःसंदिग्ध ग्वाही दिली होती. या ग्वाहीचा व्यावहारिक अर्थ आज आपल्या सहज ध्यानात येत नाही. त्या काळच्या समाजात धर्माची कसोटी लागे ती ताटावर आणि पेहरावावर. म्हणून शाकाहार आणि साडी या दोन गोष्टी त्या मुलीने सुमारे दोन महिने, मांसाहाराचे प्राबल्य असलेल्या भोजनगृहाच्या शेजारी राहून, सांभाळावयाच्या होत्या. आनंदीबाईंचे चरित्र सांगताना आपण थेट मार्च १८८६ मधील पदवीदान समारंभाकडे आणि तेथून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झालेल्या त्यांच्या अकाली निधनाकडे वळतो. पण माझ्या मते त्यांच्या धैर्याची पहिली परीक्षा फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात झाली नसून ती जहाजावर, रोज तीन वेळा, भोजनाची घंटा वाजली की होत असे. कल्याणमध्ये पारनाक्याच्या परिसरातून जाताना मला या गोष्टीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नव्हता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधींनी आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद केले आहे, की काटे-चमचे वापरण्याचा सराव नाही आणि कोणता पदार्थ मांसविरहित हे विचारण्याचे धाडस नाही, म्हणून त्यांनी बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर केबिनमध्येच बहुतेक गुजराण केली. याच्या दुसऱ्या टोकाला जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंग. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ मध्ये इंग्लंडला जाताना त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाचे जहाज भाड्याने घेतले आणि पिण्यासाठी गंगाजल प्रचंड रौप्यकलशांत भरून नेले. प्रत्येकी सुमारे ३४५ किलो वजनाचे ते कलश जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही पाहावयास मिळतात. संस्थानिकाचा सरंजाम आणि विद्यार्थ्याची मिठाईची पेटी यांत वैभवाचे अंतर कितीही असो, तजवीज एकच: समुद्रावर जे मिळणार नाही ते किनाऱ्यावरून घेऊन निघणे.

मराठी घरांनी या तजविजीचे एक शास्त्रच बनविले होते, आणि त्या शास्त्राचा मुकुटमणी म्हणजे दशमी. पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या पिठाची असल्यामुळे ती सोवळ्याओवळ्याच्या कडक नियमांतही प्रवासात ग्राह्य मानली जाई. शिवाय ती मऊ राहते आणि साध्या भाकरीपेक्षा अधिक टिकते. धर्माची सोय आणि पोटाची सोय एकाच पदार्थात इतक्या सुंदर रीतीने जुळलेली क्वचितच सापडेल. तिच्या सोबतीला लसणीची कोरडी चटणी, मेतकूट, लोणच्याची करकचून झाकण लावलेली बरणी आणि पित्त उसळल्यास आमसूल एवढा शिधा असला की सारंगाने शिट्टी द्यावी आणि माणसाने निर्धास्तपणे सतरंजी पसरावी.

सतरंजीचा उल्लेख आला आणि मन आपोआप भाऊच्या धक्क्यावर गेले. रेल्वेने कोकण जोडले जाण्यापूर्वी ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील चाकरमानी मशीद बंदर स्थानकावर उतरून ट्रंका-वळकट्यांसह तो धक्का गाठीत. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आमच्या पिढीच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखी असत. वरचा डेक आणि खालचा डेक. जागा धरण्याची लगबग. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे एकामागून एक. आणि जेथे धक्का नाही तेथे मचव्यात उतरण्याची ती जिवावरची कसरत. जेवणाच्या वेळी शेजारच्या सतरंजीवरील अनोळखी कुटुंब आपल्या डब्यातील सुक्या जवळ्याची चटणी पुढे करी, आपण आपले लाडू पुढे करावेत, आणि रत्नागिरी येईतो दोन्ही घरांची गावे, कुळे आणि सोयरिकी यांची रुजुवात पूर्ण झालेली असावी. पावसाळ्यात ही वाहतूक तहकूब असे आणि समुद्र निवळला की पुन्हा सुरू होई. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती कायमची थांबली. आज वातानुकूलित भोजनगृहात चांदीसारखे लखलखणारे काटे-चमचे मांडलेले असतात, तरीही पंगतीचा जो मोकळेपणा त्या डेकवर होता त्याची सर या भोजनगृहाला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता माझ्या विशेष आवडीच्या भागाकडे, म्हणजे जहाजाच्या भटारखान्याकडे येतो. शीतगृहे येण्यापूर्वी लांबच्या प्रवासाच्या बोटींवर कोंबड्या, मेंढ्या आणि दुधासाठी गाय अशी जिवंत जनावरेच चढविली जात. शिडाच्या जहाजांवर ताज्या फळांच्या अभावी खलाशी स्कर्व्हीने दगावत; १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने संत्री-लिंबांचा गुण प्रयोगाने दाखवून दिला, तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाच्या रसाचा शिधा सरसकट सुरू करण्यास १७९५ साल उजाडले. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी डेक सांभाळीत, तर गोव्याचे ख्रिस्ती बांधव मुदपाकखाना आणि भोजनगृह चालवीत. खलाशांचा स्वतंत्र स्वयंपाक करणारा तो भंडारी. म्हणजे साहेबाच्या ताटातील ‘करी’ ज्या हातांनी ढवळली, ते हात आपल्याच किनाऱ्याचे होते, आणि याचा सार्थ अभिमान आपण बाळगला पाहिजे.

मुंबईहून सुटणाऱ्या एका पर्यटक जहाजाचा भटारखाना आतून पाहण्याचा योग मला आला, तेव्हा प्रथम जाणवली ती ज्वालेची अनुपस्थिती. समुद्रावर आगीसारखा शत्रू नाही; म्हणून येथे सारा स्वयंपाक विजेच्या तव्यांवर चालतो आणि त्या तव्यांभोवती पोलादी कठडे असतात, जेणेकरून जहाज हेलावले तरी पातेले घसरू नये. वरणाला फोडणी द्यावयाची होती. जाडजूड लोखंडी कढई आधीच रिकामी तापवून ठेवलेली. आचाऱ्याने तेल घातले, मोहरी तडतडण्याची शांतपणे वाट पाहिली, हिंग-जिरे टाकले आणि कढीपत्ता मात्र फडक्याने कोरडा करून मगच सोडला, कारण ओल्या पानाने उडणारे तेल हलत्या जमिनीवर कोठे जाईल याचा नेम नाही. ते वरणाचे भांडेही काठोकाठ न भरता दोन-तृतीयांशच भरलेले होते. समुद्र खवळला तर तळणीची यंत्रे बंद ठेवण्याचा हुकूम सुटतो आणि त्या दिवशीचे वडे रद्द होऊन इडली वाढली जाते. भोजनगृहातील टेबलावर अशा वेळी ओलसर कापड अंथरले, की ताटे जागची हलत नाहीत. हा उपाय जुना खरा, पण आजही चोख काम देणारा.

भटारखान्याच्या खाली कोठारांचा मजला असतो, आणि माझ्या मते जहाजाचे खरे हृदय तेच. मांस, मासळी, दूधदुभते आणि भाजीपाला यांना निरनिराळ्या शीतखोल्या. गोठविलेला माल उणे १८ अंशांवर. जो जिन्नस आधी आला तो आधी वापरावयाचा, हा नियम. ‘टायटॅनिक’वर १९१२ मध्ये ४० टन बटाटे आणि ४०,००० अंडी चढविल्याची नोंद वाचून आपण थक्क होतो, परंतु आजही हिशेबाची पद्धत तीच आहे, कारण भर समुद्रात कोथिंबिरीची एक जुडी कमी पडली तरी ती आणावयास जागा नाही. पिण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यातून क्षार काढून बनविले जाते. उष्ट्याचाही बंदोबस्त कायद्याने बांधलेला आहे: बारीक दळलेला अन्नकचरादेखील किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत टाकता येत नाही. बुफेत ताट भरभरून घेऊन अर्धे टाकून देणाऱ्यांनी हा सारा खटाटोप एकदा डोळ्यांखालून घालावा, असे मला तळमळीने सांगावेसे वाटते.

येथे एक आडवाट घेतल्यावाचून राहवत नाही. १९१२ मध्ये सुरू झालेली ‘पंजाब लिमिटेड’, म्हणजे आजची पंजाब मेल, बॅलार्ड पिअरवरील मोल स्थानकातून बोटीने आलेल्या उतारूंना आणि विलायती टपालाला घेऊन निघे आणि ठाणे-कल्याणवरूनच पेशावरकडे जाई. म्हणजे महासागर ओलांडून आलेल्या त्या पाहुण्यांना हिंदुस्थानच्या पहिल्या काही मैलांत दिसत असे ती आपलीच ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर. आज प्रवाहाची दिशा उलटली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही पर्यटक बोट सुरू झाली. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने प्रथम सेवेत आलेले ‘एम्प्रेस’ जहाज सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या झेंड्याखाली मुंबईहून प्रवासी नेऊ लागले, आणि खाडीकाठची मंडळीच आता सामानाच्या चाकांच्या बॅगा ओढीत बॅलार्ड पिअरकडे जाऊ लागली.

त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. घरी शिजविलेले अन्न बहुतेक पर्यटक जहाजांवर नेऊ देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेला चिवडा वा बाकरवडी बहुधा चालते, पण कंपनीचे नियम आधी वाचावेत. विजेची किटली, इस्त्री, छोटी शेगडी या वस्तू तपासणीत काढून घेतल्या जातात. जैन भोजन, मधुमेहाचे पथ्य, उपवासाचे दिवस हे सारे तिकीट काढतानाच लेखी कळवावे. कोठार भरल्यानंतर केलेली मागणी आचाऱ्याने कितीही मनावर घेतली तरी पुरी होणे दुरापास्त. सिंगापूरहून निघून मलेशियाचे बंदर करून पुन्हा सिंगापुरात उतरावयाचे असेल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे की नाही याची खातरजमा करावी आणि पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात, म्हणून औषधे, दस्तऐवज आणि बदलावयाचे कपडे हातातील पिशवीत ठेवावेत. बोट लागणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील केबिन मागावी. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा जवळ असावा. बुफेपूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसला नुसते सॅनिटायझर पुरत नाही. रविवारी निघावयाचे असल्यास मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून लवकरची लोकल धरावी. बंदराचा दरवाजा जहाज सुटण्याच्या बराच आधी बंद होतो.

आणि निघताना होणारी प्राणरक्षक जाकिटांची कवायत टाळू नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या गटारी अमावास्येची आठवण कोकणी घरांत अद्याप ताजी आहे. मेजवानीच्या घाईत ही कवायत चुकविणे हा त्या मृतांप्रति आणि आपल्या मुलाबाळांप्रति अपराध होय.

वाचकांना माझे सांगणे एवढेच, की या हिवाळ्यात सागरी सफरीचा बेत असेल तर केबिनच्या खिडकीइतकाच विचार ताटाचा करा, आपल्या पथ्याची चिठ्ठी आजच कंपनीला पाठवा. आणि जहाजावर शक्य झाल्यास भटारखाना पाहण्याची परवानगी अवश्य मागा. बऱ्याच जहाजांवर अशी फेरी ठेवलेली असते आणि तेथील आचारी मोठ्या आपुलकीने सारे दाखवितात.