टीव्हीची साक्ष कितपत ग्राह्य?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत, नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवर आणि डोंबिवलीच्या स्टेशनालगतच्या गल्ल्यांतून, लग्ने, मुंजी, नाट्यप्रयोग आणि गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रा यांच्या चित्रणाचे एडिटिंग करणारी जी मंडळी रात्र रात्र जागत असतात, त्यांच्या तोंडी एक विधान वारंवार आणि पूर्ण निःशंकपणे येते : ‘कॉम्प्युटरवर काही कळत नाही, एचडीएमआयची वायर टाका आणि टीव्हीवर बघा, खरा रंग तिथेच दिसतो.’ हे विधान आळशी माणसाचे नव्हे, आपले काम गिऱ्हाइकाच्या घरी कसे दिसेल याची ज्याला चिंता आहे अशा कष्टाळू माणसाचे असते. आणि म्हणूनच, त्यापायी चांगली कामे बिघडताना पाहून, त्याचा एकदा सविस्तर समाचार घेणे आवश्यक वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की एके काळी हा सल्ला अक्षरशः बरोबर होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि पाल पद्धतीची ६२५ रेषांची, सेकंदाला ५० अर्धचित्रांची चौकट आपल्याकडे रूढ झाली. या अर्धचित्रांत, म्हणजे फील्डांत, एकदा विषम आणि एकदा सम रेषा उमटत. संगणकाचा मॉनिटर मात्र सारे चित्र सलग रेखाटी. त्यामुळे फील्डांचा क्रम उलटा लागला, तर मॉनिटरवर काहीही खटकत नसे, आणि तीच कॅसेट गिऱ्हाइकाने घरी लावली की लेझीम खेळणाऱ्यांचे हात पुढे-मागे थरथरू लागत. मॅट्रॉक्स किंवा कॅनोपसच्या कार्डातून, किंवा फायरवायरने कॅमेऱ्यात आणि तिथून पिवळ्या पिनेच्या वायरीने टीव्हीत चित्र नेऊन पाहणे, ही तेव्हा खातरजमेची एकमेव रास्त तजवीज होती. संकलकाच्या टेबलावरचा आणि गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यातला संच दोन्ही काचेच्या नळीचे, एकाच जातकुळीचे असत, आणि मिळालेला संकेत ते फारशी ढवळाढवळ न करता पडद्यावर मांडीत.

आजचा संच तसे करीत नाही, आणि सगळ्या गैरसमजाचे मूळ येथे आहे. आजचा टीव्ही हा स्वतःच एक संगणक असून, आलेल्या प्रत्येक चित्रावर तो स्वतःच्या मर्जीने संस्कार करतो : कडा तीक्ष्ण करतो, रंग गडद करतो, पांढऱ्यात निळसर झाक मिसळतो, दोन चित्रांच्या मध्ये काल्पनिक चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करतो, आणि दृश्य उजळ की काळोखी हे पाहून पडद्यामागचा प्रकाश कमीजास्त करतो. दुकानात शेजारच्या संचापेक्षा उठून दिसावे म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाच्या ज्या सोयी दिलेल्या असतात, त्यांपैकी एखादी चालू ठेवूनच पुष्कळ एडिटर रंगाचा निवाडा करावयास बसतात.

याचा परिणाम पाहावयाचा असेल, तर डोंबिवलीचेच उदाहरण घ्यावे. श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केलेल्या स्वागतयात्रेचे चित्रण म्हणजे फडके रोडवरचे सकाळचे ऊन, भगवे ध्वज, नऊवाऱ्या आणि नथी. ‘व्हिव्हिड’मध्ये ध्वजाचा भगवा भडक लाल होतो, त्याच्या कापडाच्या सुरकुत्या नाहीशा होतात, ते पाहून एडिटर टाइमलाइनवर तांबडा उतरवतो, आणि टीव्हीवर सर्व काही साजरे दिसू लागते. फाइल मात्र आता मुळातच बिघडलेली असते : मोबाइलवर उघडताच ध्वज विटकरी आणि माणसांचे चेहरे काविळीने ग्रासल्यासारखे दिसतात. टीव्हीने जोडलेला दोष एडिटरने चित्रातून वजा केला, आणि जिथे तो दोष नव्हता तिथे ती वजाबाकी तेवढी उरली.

दुसरा घोटाळा अधिक छुपा आहे. व्हिडिओच्या आठ बिटांच्या संकेतात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. संगणकाच्या पडद्याचा संकेत ० पासून २५५ पर्यंत पसरतो. कार्ड एक पल्ला पाठवीत असेल आणि संच दुसरा गृहीत धरीत असेल, तर नवरदेवाच्या काळ्या शेरवानीच्या चुण्या एक तर सपाट काळोखात बुडतात, नाहीतर राखेसारख्या करड्या होतात. आणि एडिटर बिचारा कॅमेऱ्याला दोष देत सावल्या वरखाली करीत बसतो. कार्डाच्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ की ‘लिमिटेड’, ‘ब्लॅक लेव्हल’ कोणती, हे एकमेकांशी जुळवून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते न करता रात्रभर ग्रेडिंग करणारे पाहिले की मन खिन्न होते.

तिसरी बाब गतीची. आपल्याकडचे चित्रण बहुधा सेकंदाला २५ चित्रांचे, आणि संगणक मात्र टीव्हीला सहसा ६० हर्ट्झने चित्र पुरवतो. साठास पंचवीसने निःशेष भाग जात नाही, म्हणून काही चित्रे दोनदा तर काही तीनदा दाखविली जातात आणि संथ पॅन अडखळत सरकतो. हा अडखळ फाइलमध्ये नसतो. डिस्प्ले ५० हर्ट्झवर आणताच तो नाहीसा होतो.

एचडीएमआयने जोडलेला टीव्ही म्हणजे संगणकाच्या डेस्कटॉपचे केवळ लांबविलेले अंगण होय. शुद्ध व्हिडिओ संकेत हवा असेल, तर ब्लॅकमॅजिकच्या डेकलिंकसारखे किंवा एजाचे स्वतंत्र कार्ड लागते, कारण ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या रंगव्यवस्थेला आणि ग्राफिक्स कार्डाला बगल देऊन टाइमलाइनचे चित्र जसेच्या तसे बाहेर काढते. आणि ‘खरा रंग’ कोणता, हा अभिरुचीचा प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९० सालच्या बीटी.७०९ या शिफारशीत एचडीचे प्राथमिक रंग आणि डी६५ हा पांढरा ठरवून दिलेला आहे, आणि २०११ सालच्या बीटी.१८८६ मध्ये संदर्भ-पडद्याचा गॅमा २.४ सांगितला आहे. संच याच्या जवळ आणावयाचा तर ‘सिनेमा’ किंवा, यूएचडी अलायन्सने २०१९ साली जाहीर केलेला, ‘फिल्ममेकर मोड’ निवडावा. ट्रूमोशन, मोशनफ्लो इत्यादी नावांनी वावरणारी गुळगुळीतपणाची सोय आणि खोलीतल्या उजेडानुसार पडदा मंद करणारी वीजबचत बंद करावी. आणि पडद्यावर थेट पडणारी ट्यूबलाइट मालवावी. गुळगुळीतपणाची ही सोय बंद करा, असे आर्जव टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी २०१८ च्या डिसेंबरात प्रेक्षकांना जाहीरपणे केले होते.

एवढे करूनही अंतिम हुकूम वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोपचा मानावा, कारण त्यांचे आकडे कोणत्याही पडद्याच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. गोऱ्या-सावळ्या सर्व त्वचांचा रंग व्हेक्टरस्कोपवर साधारण एकाच रेषेच्या आसपास पडतो, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे चेहरे वाचतील. गिऱ्हाइकाच्या घरचा अनुभवच जोखावयाचा असेल, तर तयार फाइल पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरमधून पाहावी. गिऱ्हाइकही बहुधा तशीच पाहणार असतो, आणि त्या परीक्षेसाठी टीव्ही खरोखरच उत्तम आहे.

काही किरकोळ समजुतींचा निकालही लावून टाकावा. फोर-के टीव्ही म्हणून रंग अधिक अचूक, हे खोटे. चित्रबिंदूंच्या संख्येचा रंगाच्या अचूकतेशी संबंध नाही. महाग वायरीने रंग सुधारतो, हेही खोटे. संकेत अंकीय असल्याने चित्र एक तर पूर्ण येते, नाहीतर ठिपके पडतात आणि पडदा काळा होतो. नावांची पाटी कडेला कापली जाते तो फाइलचा दोष नव्हे, टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा छाटतो म्हणून. युरोपीय प्रक्षेपण संघटनेच्या आर९५ शिफारशीप्रमाणे अक्षरे प्रत्येक कडेपासून पाच टक्के आत ठेवली की प्रश्न मिटतो. मंगलाष्टका आणि ओठ जुळत नाहीत असे टीव्हीवर दिसले की टाइमलाइनवर आवाज सरकवणे, हा तर सर्वांत घातक प्रकार : चित्रावर संस्कार करण्यात टीव्ही वेळ घालवतो, आवाज वेगळ्या स्पीकरमधून आधीच येऊन पोचलेला असतो. गेम मोड लावून किंवा आवाजही टीव्हीतूनच काढून पाहावे, आणि तोवर टाइमलाइनला हात लावू नये.