बेटोवाडीचा लुडविग

११ डिसेंबर १८१८. व्हिएन्नाच्या ‘लांडरेख्ट’ न्यायालयात, म्हणजे उमरावांचे खटले चालणाऱ्या न्यायालयात, अठ्ठेचाळिशीला टेकलेला एक संगीतकार उभा होता: लुडविग फान बेटहोव्हन. कान जवळजवळ गेलेले. वाद पुतण्याच्या ताब्याचा. भाऊ १८१५ साली वारला, तेव्हापासून लहानग्या कार्लचे पालकत्व आईकडे की काकाकडे, हे भांडण चालले होते. मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला आणि काका बोलून गेला, की हा जन्माने उमराव असता तर मी त्याला थेरेझियानुममध्ये घातले असते. ती शाळा उमरावांच्या मुलांची.

न्यायालयाने तो शब्द पकडला. तुमचे घराणे उमरावांचे नाही काय? तशी सनद आहे काय? उत्तराची नोंद उरली आहे. ‘फान’ हे डच उपपद असून ते फक्त उमरावांनाच लागते असे नाही, सनद किंवा दुसरा कुठला पुरावा आपल्याकडे नाही, असे त्याने सांगितले. भावजयीलाही विचारले गेले. कागदपत्रे थोरल्या दिरांकडे असल्याचे ऐकून आहे, असे ती म्हणाली. आठवड्याने, १८ डिसेंबरला, खटला सामान्य नागरिकांच्या न्यायालयाकडे गेला.

जर्मनभाषक मुलखात ‘फॉन’ लावणे हे बहुधा खानदानीपणाचे लक्षण. गोएथेला ते १७८२ साली सनदेने मिळाले. डच भाषेतल्या ‘फान’चा अर्थ मात्र साधा: ‘चा’, ‘हून आलेला’. आपल्या ‘कर’सारखाच. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, केरीच्या केसरबाई केरकर, तसाच हा. बेटहोव्हनने १७९२ साली व्हिएन्ना गाठली आणि २६ वर्षे तिथल्या लोकांनी ‘फान’चा ‘फॉन’ ऐकला. त्याने तो गैरसमज राहू दिला. मला यात लबाडीपेक्षा एकटेपणा अधिक दिसतो. सरदारांच्या दिवाणखान्यांत वावरणाऱ्या गायकाच्या मुलाने आणखी काय करायचे होते?

आता पुढचा शब्द. आपण ‘बीथोव्हन’ लिहितो, तेव्हा इंग्रजी वळणाने ‘टी’ आणि ‘एच’ एकत्र करून ‘थ’ करतो आणि नावाचा सांधाच बुजवून टाकतो. मूळ नाव ‘बेट-होव्हन’. ‘हॉफ’ म्हणजे अंगण, शेतघर, वाडी. त्याचे अनेकवचन ‘होव्हन’. आइंडहोव्हन शहराच्या नावात तेच आहे. पहिल्या भागाचा अर्थ बरेच जण ‘बीट’ लावतात आणि बिटाचे मळे डोळ्यांसमोर आणतात. मला दुसरी उपपत्ती अधिक पटते. बेल्जियमच्या लीज प्रांतात बेटँकूर नावाचे खेडे आहे, त्याचे डच नाव बेटनहोव्हन. फ्रेंच ‘कूर’ आणि डच ‘होव्हन’ दोन्ही वाडीच. आणि त्याआधीचे ‘बेटो’ हे कुणाचे तरी जुने नाव. म्हणजे लुडविग बेटोवाडीकर.

घराण्याचा माग ब्राबांटच्या खेड्यांतून मेखेलेनला येतो. तिथे पणजोबा मिखील पाव भाजत. त्यांचा मुलगा, आजोबा लुडविग, १७३३ साली बॉनला गेला, दरबारात गाऊ लागला आणि १७६१ साली कापेलमाइस्टर, म्हणजे दरबारी संगीताचा प्रमुख, झाला. नातवाला आजोबांचेच नाव मिळाले.

आडनाव वापरण्याची रीतही देशागणिक वेगळी. नेदरलँड्समध्ये यादी लावताना ‘फान’ सोडून पुढच्या अक्षराखाली नाव शोधतात. बेल्जियममध्ये त्याच नावाचा माणूस ‘व्ही’खाली सापडतो. चित्रकार फान गॉख जगभर ‘फान’सकट ओळखला जातो, संगीतकाराचे मात्र नुसते ‘बेटहोव्हन’ उरले.

मार्च २०२३ मध्ये बेटहोव्हनच्या केसांच्या बटांवरचे जनुकीय संशोधन प्रसिद्ध झाले. बेल्जियममधल्या पाच फान बेटहोव्हन पुरुषांचा वाय गुणसूत्राचा नमुना त्याच्याशी जुळला नाही. त्या पाचांचा आणि त्याचा कागदोपत्री समान पूर्वज सोळाव्या शतकातला आर्ट फान बेटहोव्हन. म्हणजे मधल्या सातआठ पिढ्यांत कुठेतरी वडील वेगळे होते. नाव पुढे गेले, रक्त गेले नाही. ज्याने नावाच्या जोरावर पुतण्याला ‘आपला’ म्हणण्यासाठी वर्षे घालवली, त्याच्या बाबतीत हे वाचून मी हळहळलो. तो खटला त्याने अखेर १८२० साली अपिलात जिंकला.

व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याचे अवशेष १८८८ साली हलवले गेले. तिथल्या दगडावर ‘फान’ही नाही, ‘फॉन’ही नाही. एकच शब्द कोरला आहे: बेटहोव्हन.